सारांश: कोणत्या विषयात काय गाळायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

तळटीप (धागा सुरू करणारी)

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. एक गोष्ट वर्गात सतत समोर येते आणि तिच्यावर वेगवेगळ्या विषयांतल्या लोकांशी बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

दहावीच्या मराठीत सारांशलेखन असतं. अपठित उतारा देतात, त्याचा एक तृतीयांश सारांश आपल्या शब्दांत लिहायचा. मुलं ते घोटून येतात आणि नियम पक्का बसलेला असतो: उदाहरणं काढा, आकडे काढा, अवतरणं काढा, विशेषणं काढा, उरेल तो सारांश. भाषेच्या पेपरापुरता हा नियम चांगला आहे, मी स्वतः तो शिकवते. पण तीच मुलं पुढे जीवशास्त्रातल्या प्रयोगाचा, इतिहासातल्या पत्राचा, अर्थशास्त्रातल्या तक्त्याचा सारांशही त्याच नियमाने काढतात. प्रयोगातले आकडे गेले तर मागे उरतं काय? "शास्त्रज्ञांनी प्रयोग केला आणि महत्त्वाचा निष्कर्ष काढला."

मला वाटतं, काय गाळलेलं चालतं हे प्रत्येक विषयात वेगळं असतं. ते ज्याला कळलं त्याला त्या विषयात पुरावा कशाला म्हणतात हेही कळलं. आपण मात्र हे कुठल्याच विषयाच्या तासाला सांगत नाही. मराठीच्या शिक्षकाने शिकवलंय ना, मग झालं, असं सगळे धरून चालतात.

तुमच्या विषयात सारांश कुठे लागतो आणि त्यात कशाला हात लावलेला चालत नाही, हे उदाहरण देऊन लिहाल का? "मुद्देसूद आणि सुटसुटीत असावा" एवढंच कृपया नको.

प्रयोगवही

रसायनशास्त्र. आमच्याकडे शोधनिबंधाच्या माथ्यावर ॲबस्ट्रॅक्ट (निबंधाचा छोटा गोषवारा) असतो आणि बहुतेक वाचक तेवढाच वाचतात. यात त्यांची चूक नाही, कारण त्याचं काम तेच आहे: पुढचा निबंध मिळवून वाचायचा की नाही हे ठरवता यावं. अमेरिकन केमिकल सोसायटीने १९०७ साली 'केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स' सुरू केलं, ते याच गरजेपोटी. जगभरातलं रसायनशास्त्र एका माणसाला वाचून होणार नाही, म्हणून दुसऱ्यांनी वाचून त्याचं सार छापायचं. कित्येक दशकं हे काम मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवक रसायनशास्त्रज्ञांनी केलं. छापील खंड २०१० पासून बंद झाले, काम संगणकावर चालूच आहे.

मी विद्यार्थ्यांना दोन वाक्यं शेजारीशेजारी लिहून दाखवतो. एक: "उत्पादनावर तापमानाचा परिणाम अभ्यासला आहे." दुसरं: "तापमान ४० वरून ६० अंशांवर नेल्यावर उत्पादन ४२ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेलं, त्यापुढे घटलं." (आकडे उदाहरणापुरते.) पहिल्या वाक्यात निबंध कशाबद्दल आहे ते कळतं. दुसऱ्यात काय सापडलं ते कळतं. पहिल्या प्रकारचा सारांश परीक्षण-लेखाला किंवा ग्रंथसूचीला चालतो, प्रयोगाच्या निबंधाला चालत नाही. तेव्हा तळटीप, तुमच्या यादीतलं "आकडे काढा" आमच्याकडे नेमकं उलट. इतिहास काढा, प्रस्तावना काढा, "अलीकडच्या काळात या विषयाला महत्त्व आले आहे" हे वाक्य तर सगळ्यात आधी काढा, पण आकडा आणि त्याचं एकक ठेवा.

वॉर्ड_नंबर_सात

वैद्यकशास्त्रात विद्यार्थी वॉर्डात जायला लागल्यापासून तोंडी सारांश करतो. रुग्णाचा इतिहास घेतो, तपासतो, मग केस प्रेझेंट करताना शेवटी परीक्षक म्हणतात, "समराइज." तिथे दोन-तीन वाक्यांत वय, मुख्य तक्रार, किती दिवसांची, तपासणीत सापडलेलं ठळक लक्षण आणि जे नाही तेही सांगायचं. ताप आहे पण मान ताठ नाही, छातीत दुखतं पण घाम नाही. "नाही" ही माहितीच असते, तिच्यावरून निदानाची यादी लहान होते. भाषेच्या सारांशात नकारात्मक वाक्य सहज गळतं, आमच्याकडे ते गाळणारा नापास होतो.

आता संशोधन. पूर्वी वैद्यकीय निबंधाचा ॲबस्ट्रॅक्ट एका सलग परिच्छेदात असे आणि लेखक सोयीचं तेवढं लिहीत. १९८७ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात उद्देश, रचना, ठिकाण, रुग्ण, उपचार, निष्पत्ती, निष्कर्ष अशा ठरलेल्या शीर्षकांखाली तो लिहिण्याची पद्धत मांडली गेली आणि पुढे इतरांनी ती उचलली. रिकामा रकाना डोळ्यांवर येतो, हा तिचा मोठा फायदा.

तरीही सगळं सुटलं नाही. १९९९ मध्ये जामा या नियतकालिकात एक तपासणी छापून आली. सहा नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले ॲबस्ट्रॅक्ट मूळ निबंधाशी ताडून पाहिले होते. आत नसलेली किंवा आतल्याशी न जुळणारी माहिती असलेल्या ॲबस्ट्रॅक्टचं प्रमाण नियतकालिकानुसार १८ ते ६८ टक्के निघालं. २०१० मध्ये तिथेच आणखी एक अभ्यास आला. ज्या ७२ चाचण्यांत मुख्य निकाल सांख्यिकीयदृष्ट्या फरक दाखवत नव्हता, त्यांपैकी ४२ चाचण्यांच्या ॲबस्ट्रॅक्टमधल्या निष्कर्षाला अनुकूल वळण दिलेलं होतं. खोटा आकडा एकही लिहायला लागत नाही. मुख्य निकालाऐवजी दुय्यम निकाल पुढे ठेवला की काम होतं. औषध लिहून देणारा डॉक्टर घाईत तेवढंच वाचतो आणि ते रुग्णापर्यंत पोचतं. म्हणून मी निवासी डॉक्टरांना सांगतो: ॲबस्ट्रॅक्ट वाचून निबंध निवडा, उपचार निवडू नका.

कोर्टाची_पायरी

वरच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. कायद्यात अशा साराला हेडनोट म्हणतात. नागपूरहून निघणारा 'ऑल इंडिया रिपोर्टर' उघडा, प्रत्येक निकालाच्या सुरुवातीला बारीक अक्षरात मुद्देवार सार असतं. ते न्यायाधीशांचं नसतं, संपादकाचं असतं. कामाला फार उपयोगी, त्याशिवाय हजारो निकालांतून हवा तो सापडणार कसा? पण न्यायालयात वाचून दाखवायचा तो निकालाचा परिच्छेद.

का, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १८८६ चा 'सँटा क्लारा काउंटी विरुद्ध सदर्न पॅसिफिक रेलरोड' हा खटला. वाद रेल्वे कंपनीवरच्या कराचा होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो एका मर्यादित मुद्द्यावर, रुळांकडेच्या कुंपणांच्या आकारणीवर मिटवला. चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या "व्यक्ती" या शब्दात कंपनी येते का, या प्रश्नात निकालपत्र शिरलंच नाही. मात्र युक्तिवादाआधी सरन्यायाधीश वेट यांनी तोंडी म्हटलं होतं की यावर आम्हाला युक्तिवाद ऐकायचा नाही, ती दुरुस्ती कंपन्यांना लागू होते असं आम्हा सर्वांचं मत आहे. निकाल छापणारे न्यायालयाचे रिपोर्टर बँक्रॉफ्ट डेव्हिस यांनी ते हेडनोटमध्ये घेतलं. पुढच्या खटल्यांत त्याचाच आधार दिला गेला आणि कंपन्यांना घटनात्मक संरक्षण देणाऱ्या विचाराचा तो पाया ठरला. १९०६ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात स्पष्ट केलं की हेडनोट हे न्यायालयाचं लेखन नाही. तोवर वीस वर्षं गेली होती.

कायद्यात हात लावायचा नाही अशा गोष्टी: घटनाक्रमातली निर्णायक वस्तुस्थिती, नेमका प्रश्न आणि त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. न्यायाधीश ओघात आणखी बरंच बोलतात, ते कितीही सुंदर असलं तरी बंधनकारक नसतं. विद्यार्थी नेमकी तीच सुंदर वाक्यं सारांशात घेतात.

तळटीप

तुम्ही सगळे माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी खोल जाताय, मनापासून आभार. "सुंदर वाक्य उचलणं" हे भाषेतही होतं, पण भाषेत त्याचं फार नुकसान होत नाही. इतिहासवाले कुणी आहेत का इथे?

मोडीवाचक

आहे. इतिहासात सारांशाचं सगळ्यात मोठं देणं असं की काही वेळा मूळ नष्ट होतं आणि सारांशच उरतो. रोमन इतिहासकार लिव्हीने रोमचा इतिहास १४२ भागांत लिहिला. आज त्यातले ३५ हातात आहेत. बाकीच्यांत काय होतं हे कळतं ते नंतरच्या काळात कुणी लिहून ठेवलेल्या छोट्या गोषवाऱ्यांवरून. १३६ आणि १३७ सोडून सगळ्या भागांचे ते आहेत. काही भागांचा गोषवारा जेमतेम दोन-चार ओळींचा. तो लिहिणाऱ्याला कल्पनाही नसेल की आपण टाकलेला प्रत्येक तपशील जगातून कायमचा जाणार आहे.

आपल्याकडचं पाहा. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तरातले निवडक कागद १९३० च्या दशकात ४५ खंडांत छापले गेले. पत्रांवर इंग्रजीत दोन-चार ओळींत पत्राचं सार दिलेलं असतं. ते नसतं तर अभ्यासक दिशा हरवून बसले असते, त्या कामाचे उपकार फार आहेत. पण ते सार लिहिताना नजर राजकारणावर आहे: कोण कुठे निघालं, कुणाशी तह, किती फौज. पत्राच्या पोटात धान्याची टंचाई, आजारपण, कर्जाचा तगादा अशा ओळी असल्या तर त्यांना वर जागा मिळेलच असं नाही. आज ज्याला साथीच्या रोगांवर किंवा बायकांच्या मालमत्तेवर काम करायचं आहे, त्याने फक्त वरच्या ओळी चाळल्या तर "या विषयावर दप्तरात काही नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

म्हणून इतिहासात सारांशाबरोबर चार गोष्टी राहिल्याच पाहिजेत: कोणी लिहिलं, कोणाला, केव्हा आणि लिहिणाऱ्याला ते कसं कळलं. "शत्रूची फौज वीस हजार" आणि "शत्रूची फौज वीस हजार असल्याचं हेर सांगतो" या दोन वाक्यांत अख्खा इतिहासशास्त्राचा फरक आहे. शब्द वाचवताना "हेर सांगतो" हेच पहिलं उडतं.

तेरीज_जुळली

वाणिज्य शाखा अजून आली नाही म्हणून लिहिते. आमचा तर निम्मा विषयच सारांशाचा आहे. रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहार, तिथून खातेवहीत, खात्यांच्या शिलका काढून तेरीज (ट्रायल बॅलन्स), तेरजेवरून नफा-तोटा आणि ताळेबंद. प्रत्येक पायरीला कागद कमी होतो.

अकरावीला तेरीज शिकवताना मुलांचा आनंद बघण्यासारखा असतो: नावे आणि जमा बाजू जुळल्या! मग मी सांगते, जुळली म्हणजे बरोबर असेलच असं नाही. एखादा व्यवहार मुळात लिहिलाच नाही, तरी तेरीज जुळते. यंत्र घेतलं आणि खर्च म्हणून दाखवला, तरी जुळते. एका खात्यातली चूक दुसऱ्या खात्यातल्या तेवढ्याच चुकीने झाकली गेली, तरी जुळते. तेरीज बेरजेचा मेळ तपासते, व्यवहार खरा होता का हे तपासत नाही. म्हणून तर लेखापरीक्षक मागे जाऊन पावत्या उघडतो. वाटेत खूण राहिली पाहिजे, कुठल्या पानावरून आकडा आला त्याची. खातेवहीतला 'पृष्ठ क्रमांक' हा रकाना मुलं कंटाळून रिकामा सोडतात, माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना तो.

बिंदूरेषा

संख्याशास्त्रात सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध ही मापं म्हणजे आकड्यांचा सारांशच. ते करताना काय हरवतं याचा उत्तम नमुना फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये दिला. चार संच, प्रत्येकात ११ बिंदू. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची साधारण ७.५, सहसंबंध सुमारे ०.८१६, काढलेली रेषाही तीच. आलेख काढा: पहिल्यात साधा विखुरलेला सरळ कल, दुसऱ्यात स्पष्ट वक्र, तिसऱ्यात सरळ रेषेवरचे बिंदू आणि एक भरकटलेला, चौथ्यात क्ष ची एकच किंमत आणि दूर एक एकटा बिंदू. सारांश हुबेहूब सारखा, वस्तुस्थिती चार प्रकारची.

पण दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ च्या निबंधात दाखवलं की काही गृहीतकं मान्य केली तर असं माप निघू शकतं, ज्यात तुम्हाला हव्या असलेल्या प्रश्नाची सगळी माहिती शिल्लक राहते. नाणं शंभर वेळा उडवलं, प्रत्येक फेक स्वतंत्र आणि नाणं तेच. छापा पडण्याची शक्यता किती, एवढाच प्रश्न असेल तर एकूण छापे किती आले हा एक आकडा पुरतो. क्रम फेकून द्या, काही बिघडत नाही. पण "फेकणाऱ्याचा हात मधेच बदलला का?" असं विचारलंत की तोच आकडा निरुपयोगी, क्रम हवा. मला वाटतं सगळ्या विषयांना हे लागू आहे: प्रश्न सांगा, मग सारांश पुरेसा आहे की नाही ते सांगता येईल.

तळटीप

बिंदूरेषा, हे मी उद्याच वर्गात सांगणार. मी आजवर "उतारा वाचा, मग सारांश करा" म्हणत आले. आधी "कोणासाठी, कोणत्या प्रश्नासाठी" हे फळ्यावर लिहायला हवं.

पोथीतलं_पान

इथे बहुतेकांनी सारांशाचे धोके मांडलेत. आमच्या परंपरेत त्याला फार मानाचं स्थान आहे, म्हणून थोडं वेगळं. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडाचा पहिलाच सर्ग म्हणजे नारदाने वाल्मीकींना सांगितलेली सगळी रामकथा, सुमारे शंभर श्लोकांत. महाभारताच्या आदिपर्वात आरंभीच पर्वांचा संग्रह आहे. तिथेच म्हटलंय: "विस्तीर्यैतन्महज्ज्ञानमृषिः संक्षेपमब्रवीत् । इष्टं हि विदुषां लोके समासव्यासधारणम् ॥" ऋषींनी हे ज्ञान विस्ताराने सांगितलं आणि संक्षेपानेही, कारण जाणत्यांना ते दोन्ही रूपांत मनात धरून ठेवायला आवडतं. गुरुचरित्राच्या शेवटची अवतरणिका घराघरांत माहीत आहे. ज्याला सप्ताह जमत नाही तो ती वाचतो.

पाठांतराच्या परंपरेत संक्षेप हा आठवणीचा सांगाडा असतो. मूळ कुठेही गेलेलं नाही, ते डोक्यातच आहे, संक्षेपाने त्याचा क्रम जागा होतो. आज मुलं मूळ न वाचता सारांश पाठ करतात. त्यामुळे सांगाडा आहे पण आठवायला काही नाही. दोष संक्षेपाचा नाही.

चांदणवेल

पोथीतलं_पान, पटलं. पण कवितेचं काय? बारावीच्या गाइडात प्रत्येक कवितेखाली "सारांश" छापलेला असतो. मुलं तोच लिहितात आणि कविता वाचत नाहीत. साहित्याच्या विषयातून सारांश काढूनच टाकावा असं माझं ठाम मत आहे. कवितेत गाळण्याजोगं काही असतं का?

तळटीप

@चांदणवेल, इथे माझं मत वेगळं आहे. कविता वाचून "यात कोण बोलतंय, कोणाशी, काय घडतंय" हे तीन साध्या वाक्यांत सांगता न येणारी मुलं थेट रसग्रहणाला बसतात. मग "कवीने अतिशय हृदयस्पर्शी प्रतिमा वापरल्या आहेत" यापुढे गाडी जात नाही. आशय साध्या गद्यात मांडला की मगच दिसतं, या गद्यात काय मावलं नाही. रसग्रहण त्या न मावलेल्याबद्दल लिहायचं असतं. म्हणजे साहित्यात सारांश ही पहिली पायरी आहे. गाइडात तो शेवटची पायरी म्हणून छापतात, तिथे तुमच्याशी सहमत.

जोडणी

अभियांत्रिकी. आमच्याकडे अहवाल वरच्या माणसाकडे जाताना प्रत्येक टेबलावर आखडत जातो. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं तेव्हा बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज करून नासापुढे स्लाइड मांडल्या. एका स्लाइडच्या मथळ्यात सूर असा की चाचण्यांची माहिती सुरक्षित बाजूला झुकलेली आहे. तळाशी, लहान अक्षरांत, शेवटच्या मुद्द्यांत होतं की प्रत्यक्ष परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेच्या फार बाहेरची आहे: तुकडा अंदाजे १९२० घन इंच, चाचणीतला ३ घन इंच. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडवर स्वतंत्रपणे लिहिलं की ती वाचून वरिष्ठाला हा जिवाचा प्रश्न आहे हे न कळणं समजण्यासारखं आहे.

एकही आकडा खोटा नव्हता आणि गाळलेलाही नव्हता. तो चुकीच्या पायरीवर होता. तेव्हा "काय गाळायचं" याबरोबर "काय वर ठेवायचं" हेही शिकवा. आमचा नियम: ज्या आकड्यामुळे निर्णय बदलू शकतो तो पहिल्या वाक्यात.

पहाटपाळी

मी यूपीएससीची तयारी करतोय. मुख्य परीक्षेच्या सक्तीच्या इंग्रजी पेपरात ७५ गुणांचं संक्षेपलेखन असतं, एक तृतीयांश, शीर्षक द्यायचं नाही, आपल्या भाषेत. पेपर फक्त पात्रतेचा म्हणून कुणी लक्ष देत नाही. आणि एक विचारायचंय: आता चॅटबॉटला पीडीएफ दिली की सेकंदात सारांश मिळतो. मग हे शिकायचं कशाला, असं मित्र म्हणतात.

कळफलक

@पहाटपाळी, भाषेच्या संगणकीय प्रक्रियेत काम करते म्हणून उत्तर देते. हे आजचं नाही. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये यंत्राकडून सारांश काढायची रीत मांडली: मजकुरात वारंवार येणारे महत्त्वाचे शब्द मोजायचे आणि ते ज्या वाक्यांत दाटीने येतात ती वाक्यं उचलायची. आजची यंत्रं वाक्यं उचलण्याऐवजी नवीन वाक्यं लिहितात, त्यामुळे ती ओघवती असतात. पण वर मोडीवाचक यांनी लिहिलेलं "हेर सांगतो", डॉक्टरांचं "मान ताठ नाही", जोडणी यांचं "चाचणीच्या कक्षेबाहेर" अशा अटी गुळगुळीत वाक्यात विरघळतात, आणि वाचताना काही कमी आहे असं जाणवतच नाही. यंत्र वापरा, मीही वापरते. मात्र प्रश्न सांगून मागा, प्रत्येक विधानापुढे पान क्रमांक मागा, आणि त्यातली दोन-तीन पानं स्वतः उघडून पाहा. कोणती उघडायची हे कळायला तुम्हाला विषय यावा लागतो.

पहाटपाळी

समजलं. मग करूनच बघतो. जोडणी यांनी लिहिलेल्या कोलंबियाच्या प्रसंगाचे दोन सारांश लिहिलेत, चूक दाखवा.

अभियांत्रिकीसाठी: "तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा होता, म्हणून चाचणीवरून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढता येत नव्हता. ही बाब स्लाइडच्या तळाशी होती."

इतिहासासाठी: "२००३ मध्ये नासाच्या अधिकाऱ्यांनी अभियंत्यांच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्याने कोलंबिया यान नष्ट झाले."

जोडणी

पहिला छान. "अंदाजे" हा शब्द गेलाय, तो परत आण. १९२० हा अंदाज होता. आणि ६४० पट हे आकारमानाबद्दल आहे, नुसतं "मोठा" लिहू नकोस.

मोडीवाचक

दुसऱ्यात "दुर्लक्ष केल्याने" हा निष्कर्ष तुझा आहे, वर दिलेल्या मजकुरात तो नाही. तिथे चौकशी मंडळ म्हणतं की वाचणाऱ्याच्या लक्षात न येणं समजण्यासारखं होतं. शिवाय फोमचा आघात पूर्ण गेला, आणि यान तुटलं ते त्यामुळे. कोण काय म्हणतंय ते ठेवून पुन्हा लिही: "चौकशी मंडळाच्या अहवालानुसार" इथून सुरुवात कर. शब्द वाढले तरी चालतील.